बडोदे ते चांदोद, सायकलवरून

पन्नाशी ओलांडलेले तीन मास्तर सायकलींवरून नर्मदेला निघाले आहेत, ही बातमी आमच्या घरी आणि शाळेच्या शिक्षकखोलीत एकाच दिवशी फुटली, आणि दोन्ही ठिकाणी तिचे स्वागत हसूनच झाले. घरी विचारणा झाली, "अहो, डभोईला बस जाते, गाडी जाते, मग हे कशासाठी?" शाळेच्या शिपायाने आमच्या सायकलीचे टायर अंगठ्याने दाबून पाहिले आणि "साहेब, सायकल तर पोहोचेल," एवढेच म्हणून तो गप्प राहिला. उरलेले वाक्य आम्ही समजून घेतले.

तिघांपैकी एक आम्ही. दुसरे आमच्या शाळेच्या मराठी वर्गाचे गुरुजी. तिसरे गणिताचे शिक्षक, अस्सल चरोतरी गृहस्थ. पंचवीस वर्षे आमच्या डब्यातले पिठले खाऊन त्यांना मराठी सगळे समजते. बोलताना मात्र क्रियापदापाशी आले की ते गुजरातीत उतरतात. डिसेंबरचे दिवस होते, तीन सुट्या जोडून आल्या होत्या, आणि बडोद्यात जन्म काढूनही डभोईच्या वेशी आम्ही धड पाहिलेल्या नव्हत्या.

सहल निखळ हौसेची होती असे म्हणावे, तर ते पूर्ण खरे होणार नाही. निघण्याच्या आठवड्यात आमच्या मेजावर एक कागद येऊन पडला होता. मराठी वर्गाची पटसंख्या अकरावर आली असल्याने तो गुजराती वर्गांत विलीन करावा किंवा कसे, याबद्दल मुख्याध्यापकांनी आपला अभिप्राय कळवावा, असा त्याचा मजकूर. आम्ही तो गुरुजींना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "नर्मदेवरून आल्यावर पाहू." कागद आम्ही घरी ठेवूनच निघालो. पण असे कागद घरी ठेवले म्हणून घरी राहत नाहीत.

सपाटीचे सुख

पुण्या-साताऱ्याकडचे आमचे नातलग बडोद्याला आले की एक तक्रार नेहमी करतात. "तुमच्याकडे सगळे कसे ताटासारखे सपाट! नजर अडेल असे काही नाही." या सपाटीची किंमत सायकलस्वाराला विचारावी. बडोदे समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर उंचीवर आहे, आणि तेथून नर्मदेपर्यंतच्या पन्नास किलोमीटरांत घाट म्हणावा असा एकही चढ नाही. चढउतार येतात ते फक्त नद्यांपाशी. या मऊ गाळाच्या मैदानात नद्यांनी आपली पात्रे खोल कोरून घेतली आहेत, आणि त्यांच्या दोन्ही अंगांनी कोतरे फुटली आहेत. पुलाकडे उतरताना पायांना विसावा, पलीकडे चढताना दहा-वीस वेळा जोर, की पुन्हा सपाटी. वयाची पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांना याहून दयाळू मुलूख मिळणे कठीण.

पहाटे सहाला पाणीगेटापाशी भेटलो. शहराबाहेर पडेपर्यंत उजाडले. डभोईचा हमरस्ता आता पूर्वीचा राहिलेला नाही. २०१८ साली केवडियाला सरदार पटेलांचा पुतळा उभा राहिल्यापासून या रस्त्याने मोटारींची रीघ असते. तेव्हा केळणपूर मागे टाकल्यावर आम्ही गावोगावच्या आडरस्त्यांना लागलो. आडरस्त्याने अंतर पाचसात किलोमीटरांनी वाढते. पण सायकलची सहल ही अंतर वाचवण्यासाठी काढायची नसतेच.

आडरस्त्याला लागले की गुजरातचे खेडे आपले घर उघडून दाखवते. आधी येते पादर, म्हणजे गावाच्या तोंडाशी असलेली मोकळी जागा. तेथे वड किंवा पिंपळ, त्याच्या पाराशी म्हातारी माणसे, शेजारी तळे. मग खांबावर उभारलेला चबुतरा, पाखरांना दाणे टाकण्यासाठी. हा चबुतरा आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. पण त्याचे मोल त्या सकाळी कळले. एका गावात एक शाळकरी पोर शिडीवर चढून ज्वारी टाकत होते, आणि खाली त्याचे आजोबा हातातली पिशवी धरून उभे होते. गणितमास्तरांनी त्या मुलाला विचारले, "रोज किती टाकतोस?" तो म्हणाला, "मोजत नाही." गणितमास्तर पुढचे दोन किलोमीटर त्या उत्तरावर हसत होते.

दोन्ही बाजूंना कपाशी वेचणीला आली होती. मधूनमधून तुरीचे आणि एरंडीचे पट्टे. ही काळी जमीन 'कानम' या नावाने ओळखली जाते, आणि कापसासाठी तिची ख्याती जुनी आहे. एका शेताच्या कडेला पोंक भाजणे चालले होते. पोंक म्हणजे आपला हुरडा. शेतकऱ्याने पाहुणे म्हणून मूठमूठ हातावर ठेवला. पैसे विचारताच तो रागावला. ईशान्येला, धुके विरल्यावर, पावागडाचा निळसर आकार दिसू लागला. नजर अडेल असे काही नाही म्हणणाऱ्या नातलगांना तो दाखवायला हवा होता.

भिलापूर

ढाढर नदीच्या काठचे भिलापूर लागले तेव्हा साडेनऊ झाले होते. वाटेत थांबावे असे त्यात वरकरणी काही नाही. आम्ही मात्र सायकली टेकवून बराच वेळ उभे राहिलो, कारण आपण बडोद्याचे मराठी लोक आज येथे आहोत त्याचा एक धागा या गावापाशी गुंतलेला आहे.

१७३१ च्या १ एप्रिलला भिलापूर-डभोईच्या या मैदानात मराठ्यांची मराठ्यांशी लढाई झाली. एका बाजूस पहिले बाजीराव पेशवे, दुसऱ्या बाजूस सेनापती त्र्यंबकराव दाभाडे. गुजरातच्या चौथाईचा हक्क कोणाचा, हा मुख्य वाद. आणि सेनापतींनी निजामाशी संधान बांधल्याने तो चिघळलेला. लढाईत त्र्यंबकराव मारले गेले. दाभाड्यांच्या बाजूने लढणारे पिलाजी गायकवाड जखमी झाले, त्यांचा एक मुलगा कामी आला. पुढे शाहू महाराजांनी मध्ये पडून दाभाड्यांच्या घराण्याचे सेनापतिपद कायम ठेवले. पण गुजरातेतला खरा कारभार हळूहळू गायकवाडांकडे गेला. पिलाजींचा १७३२ साली डाकोरला घात झाला, १७३४ साली बडोदे गायकवाडांच्या हाती आले, आणि पिलाजींचे पुत्र दमाजी यांनी राज्याचा पाया भक्कम केला. त्या राज्याच्या मागोमाग आपले पूर्वज आले. कोणी शिलेदार, कोणी कारकून, कोणी पुराणिक, कोणी मास्तर.

गुरुजी म्हणाले, "म्हणजे हरलेल्या बाजूचे आपण."

गणितमास्तरांनी विचारले, "आणि जिंकलेली बाजू कुठे राहते?"

"पुण्याला," गुरुजी म्हणाले, आणि तिघेही हसलो. पण हसून झाल्यावर आम्हांला वाटले, शाळेत आम्ही ही लढाई एका ओळीत शिकवतो. जेथे ती झाली ते गाव शाळेपासून सायकलीने तीन तासांवर आहे, आणि तीस वर्षांत एकाही वर्गाला आम्ही तेथे आणलेले नाही. कपाशीच्या शेतात बायका वेचणी करीत होत्या. त्यांतल्या एकीने हाक मारून विचारले, "मास्तरसाहेब, पंक्चर पडले की काय?"

दर्भावतीच्या वेशी

दुपारी डभोईत पोहोचलो. डभोईचे जुने नाव दर्भावती. या नगरीचा कोट सिद्धराज जयसिंहाच्या काळातला, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, असे परंपरा सांगते. तेराव्या शतकात वाघेला राजा वीसलदेवाने त्याची नव्याने उभारणी केली. चार दिशांना चार वेशी. पश्चिमेची बडोदे वेस, दक्षिणेची नांदोदी, उत्तरेची चांपानेरी, आणि पूर्वेची हिरा भागोळ. भागोळ म्हणजे गावची वेस. आमच्या बोलण्यात हा शब्द इतका मुरला आहे की त्याला मराठी शब्द आहे याची आठवण क्वचितच होते.

चारांत हिरा भागोळ श्रेष्ठ. तिला लागून कालिकामातेचे मंदिर आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत हत्ती, घोडे, योद्धे, देवता, नर्तकी यांची अशी दाटी की हाताएवढी जागा मोकळी सापडणे कठीण. १२५३ च्या सुमाराची, सोमेश्वर कवीची वैद्यनाथ-प्रशस्ती याच वेशीत कोरलेली होती. तिची बरीच अक्षरे आता झिजली आहेत. वेशीबद्दल लोक एक कथा सांगतात. हिराधर नावाच्या कारागिराने वेशीसाठी आणलेल्या दगडांतून चोरून थोडे दगड नेले आणि आपल्या प्रियेसाठी, टेन हिच्या गावी, तळे बांधले. राजाला कळले, तेव्हा त्याने हिराधराला याच वेशीच्या भिंतीत जिवंत चिणले. चिरांच्या फटीतून तूप ओतून त्याला कोणी जगवले, आणि पुढे अडलेले काम त्याच्यावाचून कोणाला जमेना तेव्हा राजाने त्याला बाहेर काढले. कथा खरी असो वा नसो, कारागिराशिवाय राजाचे चालत नाही, एवढे तिच्यात निश्चित खरे आहे.

इंग्रज आणि मराठे यांच्या पहिल्या युद्धात डभोई काही काळ इंग्रजांकडे होते. १७८० ते १७८३ या काळात जेम्स फोर्ब्स नावाचा अधिकारी येथे कलेक्टर होता. त्याने आपल्या आठवणींच्या ग्रंथात डभोईबद्दल प्रेमाने लिहिले आहे. सालबाईच्या तहानंतर डभोई मराठ्यांना परत द्यायची वेळ आली. निरोपाच्या वेळी गावच्या वडीलधाऱ्यांनी देऊ केलेल्या भेटी त्याने नाकारल्या आणि पडझडीतल्या काही लहान मूर्ती मात्र मागून घेतल्या. त्या त्याने इंग्लंडात आपल्या बागेत लहानसे देऊळ बांधून मांडल्या. गुरुजी ही हकिकत ऐकून म्हणाले, "मागून घेतल्या, हे बरे केले. पुष्कळांनी मागितल्याही नाहीत."

डभोईचा दुसरा मान आगगाडीचा. हिंदुस्थानातला पहिला अरुंद रुळांचा लोहमार्ग १८६२ साली खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम असा घातला. लांबी वीस मैल, दोन रुळांतले अंतर अडीच फूट. रूळ इतके हलके होते की गाडी ओढायला बैल जुंपीत. अमेरिकेतल्या यादवीमुळे त्या वर्षांत येथल्या कापसाला भलताच भाव आला होता, आणि माल बंदराकडे जाणाऱ्या मोठ्या मार्गापर्यंत नेणे निकडीचे होते. रूळ मजबूत करून वाफेची इंजिने नियमाने धावू लागली ती १८७३ पासून. १८७९ साली ही गाडी चांदोदपर्यंत गेली. आमच्या लहानपणी त्या छोट्या गाडीतून जाताना चढउताराला लोक खाली उतरून चालत आणि पुन्हा चढत, अशा गोष्टी वडीलमंडळी सांगत. आता रुंद रूळ आले आहेत. २०२१ च्या जानेवारीपासून गाडी चांदोदवरून थेट केवडियाला जाते.

एका वहीची गोष्ट

संध्याकाळी आम्ही एका जुन्या वाड्याच्या ओट्यापाशी सायकली लावून पत्ता विचारीत होतो. गुरुजींचे मराठी कानावर पडले असावे. आतून आवाज आला, "कोण आहे? आपल्यातले दिसता. या हो, आत या."

ऐंशीच्या घरातल्या आजी होत्या. सासरे गायकवाडीत कारकून. त्यांच्या बदलीबरोबर हे घर डभोईला आले आणि येथेच राहिले. "तुम्ही कुणाकडले?" हा प्रश्न झाला. तीन उत्तरांनंतर आमच्या मामांच्या सोयऱ्यांपर्यंत नाते जाऊन पोहोचले, आणि मग चहाला नाही म्हणण्याची सोय उरली नाही. त्यांचे मराठी ऐकण्यासारखे होते. "मी तर इथेच मोठी झाली ने," असे त्या म्हणत. व्याकरणाच्या मास्तराने कान टवकारावेत असे वाक्य. पण त्यात दोन भाषा भांडत नव्हत्या, एका चुलीवर शिजत होत्या.

आजींनी एक शाळकरी वही दाखवली. पहिल्या पानावर गणपतीची आरती, मग मनाचे श्लोक, हरिपाठ, शेवटी मंगळागौरीची काही गाणी. सगळे मराठी, आणि सगळे गुजराती लिपीत.

"नातवंडं गुजराती शाळेत जातात. बाळबोध त्यांना भरभर वाचता येत नाही. मग मीच उतरवून दिलं. अक्षराचं काय एवढं? तोंडात आलं म्हणजे झालं."

गुरुजी वही हातात घेऊन बराच वेळ पाने उलटत बसले. मराठी शुद्धलेखनाचा आग्रह धरण्यात त्यांची हयात गेली. आम्हांला वाटले, ते आता ऱ्हस्वदीर्घ काढतील. त्यांनी विचारले, "आजी, नातू म्हणतात का हे रोज?"

"दिवा लागला की म्हणतात. धाकटा थोडा चोरटेपणा करतो," आजी म्हणाल्या.

रात्री धर्मशाळेत झोपताना गुरुजी अंधारातून म्हणाले, "अहो, माझ्या वर्गातली अकरा मुलं घरी दिवा लागल्यावर काय म्हणतात, हे मी कधी विचारलंच नाही."

वढवाणा आणि महाराजांचे गणित

दुसऱ्या दिवशी पहाटेच वढवाण्याच्या तलावाकडे निघालो. डभोईपासून आठदहा किलोमीटर. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० च्या सुमारास, शेतीच्या पाण्यासाठी हा तलाव बांधला गेला. ओरसंग नदीचे पाणी त्यात आणले आहे. हिवाळ्यात हजारो पाखरे येथे उतरतात. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतात. २०२१ साली या तलावाची नोंद रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत, झाली. पाळीवर बसून आम्ही ठेपले आणि लोणचे खाल्ले. समोरच्या पाण्यावरून हंसांचा एक थवा उठला, तेव्हा तिघांचेही घास हातात राहिले.

ज्या राजाने हे तळे बांधले त्याचेच एक वेगळे पाटबंधाऱ्याचे काम आम्हां मास्तरांना ठाऊक असायला हवे. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात केला आणि १९०६ साली तो सर्व राज्याला लागू केला. शिकलेला माणूस वाचायला काही मिळाले नाही तर पुन्हा निरक्षर होतो, हे ओळखून त्यांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि खेडोपाडी वाचनालये काढली. योजना साधी होती: गावाने रक्कम जमवावी, तेवढीच पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी. वाचनालय नसलेल्या गावांसाठी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या असत. हे सारे प्रामुख्याने गुजरातीत होते. मराठी राजा, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेला. त्याने प्रजेला प्रजेच्या भाषेत शिकवले. त्याचबरोबर बडोदे मराठीचेही घर राहिले. मराठी साहित्य संमेलने येथे १९०९ पासून भरत आली, शेवटचे २०१८ साली. एका भाषेला जागा दिली म्हणून दुसरीची जागा जाते, असे त्या राजाला वाटले नाही.

गणितमास्तर म्हणाले, "आचार्यसाहेब, आमच्या भाषेला एवढी जागा तुमच्या राजाने दिली, तर आता तुमच्या अकरा मुलांना आमच्या शाळेत एक तास मिळणार नाही?"

त्यांनी हे सहज विचारले. आम्हांला मात्र तो अभिप्रायाचा मसुदाच वाटला.

चांदोद

तेथून दक्षिणेला वळलो. वाटेत टेनतलाव हे गाव लागले, हिराधराच्या कथेतले. त्यानंतर जमीन हळूहळू कोतरांत उतरू लागते, झाडी दाटते, आणि एका वळणावर नर्मदा दिसते. मोठ्याने काही बोलावेसे वाटत नाही. गुरुजींनी हात जोडले. गणितमास्तर "नर्मदे हर" म्हणाले, आणि घाटावरच्या दोनचार अनोळखी लोकांनी तेच शब्द परत दिले.

चांदोदला नर्मदा आणि ओरसंग यांचा संगम होतो. तिसरी सरस्वती गुप्त मानतात. समोर कर्नाळी, तेथे कुबेर भंडारीचे देऊळ. अमावास्येला तेथे पाय ठेवायला जागा नसते. सायकली धर्मशाळेत ठेवून आम्ही नावेने पलीकडे गेलो. वरच्या अंगाला सरदार सरोवराचे धरण असल्याने हिवाळ्यात पाणी मवाळ असते. पण २०२३ च्या सप्टेंबरात सोडलेले पाणी याच घाटाच्या पायऱ्या बुडवून गावात शिरले होते. नावाड्याने पाणी चढल्याच्या खुणा हाताने दाखवल्या.

या लहानशा तीर्थाने भाषांना पुष्कळ दिले आहे. गुजराती गरबीचा थोर कवी दयाराम १७७७ साली येथे जन्मला, डभोईत राहिला. त्याने गुजराती-व्रजाबरोबर मराठीतही रचना केली. बडोद्याच्या वास्तव्यात, १८९३ ते १९०६ या काळात, अरविंदबाबू या तीरावर येत. कर्नाळीच्या कालीमंदिरातला आपला अनुभव त्यांनी पुढे सांगितला आहे. वर गरुडेश्वरी टेंबेस्वामींची समाधी, खाली नारेश्वरी रंगअवधूत. रंगअवधूत मूळचे मराठी घरातले. पण त्यांची दत्तबावनी गुजराती, आणि ती आज दोन्ही भाषांच्या घरांत म्हटली जाते.

आम्हांला मात्र ओढ होती ती जवळच्या गंगनाथाची. बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांच्या पुढाकाराने येथे एक राष्ट्रीय विद्यालय सुरू झाले, ते पुढे बडोद्यास हलले. तेथे शिक्षकांना 'सर' म्हणत नसत. घरच्यासारखी नाती लावीत. कोणी मामा, कोणी अण्णा. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर नावाचे तरुण मराठी आचार्य तेथे आले, ते 'काका' झाले. १९१२ साली सरकारच्या रोषामुळे ते विद्यालय बंद पडले. काका हिमालयात पायी फिरले, पुढे गांधीजींकडे आले, गुजरातीत असे लिहू लागले की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले. मराठीही त्यांनी सोडली नाही. शाळा दोनचार वर्षांची. पण तिने लावलेले 'काका' हे नाते त्यांना जन्मभर पुरले, 'मामा' हे मामासाहेब फडक्यांना.

संध्याकाळी घाटाच्या पायरीवर बसून ही हकिकत आम्ही गुरुजींना सांगितली. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "वर्ग बंद होऊ नये म्हणून लिहा, असं मी तुम्हांला सांगणार होतो. पण खरं सांगू? अकरा मुलं, चार इयत्ता आणि मी एकटा. मी कुणालाच धड शिकवत नाही. आणि माझी स्वतःची नात इंग्रजी शाळेत जाते. मी कोणत्या तोंडानं म्हणू?"

आम्हीही गप्प राहिलो. आमच्या घरीही याहून वेगळे काही नव्हते.

"मग काय लिहू?" आम्ही विचारले.

"खरं असेल ते लिहा. आणि त्यांना एक तास मागा. रोजचा."

परतताना

तिसऱ्या दिवशी एका दमात पन्नास किलोमीटर परत. जाताना हिवाळ्याचा उत्तरेचा वारा पाठीशी होता. येताना तो छातीवर घ्यावा लागला. थुवावीच्या अलीकडे वेड्या बाभळीच्या काट्याने गणितमास्तरांचे चाक बसले. तिघांनी मिळून पंक्चर काढले, त्यास पाऊण तास लागला, आणि बघ्यांनी त्यात सतरा सूचना केल्या. घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

वाचकांपैकी कोणास जावेसे वाटले तर थोडे सांगून ठेवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. गिअरची सायकल नसली तरी चालते. सीट उंचीला बरोबर असावी, म्हणजे गुडघे धरत नाहीत. ताशी दहा किलोमीटरांहून अधिक हाव धरू नये. पंप, जास्तीची ट्यूब आणि पंक्चरचे साहित्य जवळ असावे. पाणी भरपूर घ्यावे. हमरस्ता टाळावा, आणि पादरावर कोणी "या, बसा" म्हटले तर बसावे.

अभिप्राय आम्ही त्याच आठवड्यात लिहिला. वर्गाची खरी स्थिती लपवली नाही. इयत्तेप्रमाणे मुले गुजराती वर्गांत जाण्यास हरकत नोंदवली नाही. रोज एक तास मराठीसाठी राखून ठेवावा आणि तो गुरुजींकडेच असावा, अशी मागणी केली. लिहिताना हात जड झाला होता, हे कबूल करतो. उत्तर अजून आलेले नाही. पण शनिवारी शाळा सुटल्यावर गुरुजी एक तास बसू लागले आहेत. अकरापैकी नऊ मुले येतात, आणि त्यांच्याबरोबर गुजराती वर्गातली मराठी घरांची सहा. त्यांना बाळबोध भरभर वाचता येत नाही. त्यांच्यासाठी गुरुजींनी एक वही केली आहे. मराठी मजकूर, गुजराती लिपीत. प्रत्येक पानाच्या खाली एक ओळ बाळबोधीत, पुढच्या आठवड्यात वाचून दाखवण्यासाठी.

येत्या सुटीत ही पंधरा मुले भिलापूरपर्यंत सायकलीने न्यायची आहेत. सायकली दहाच आहेत. उरलेल्या पाचांचे गणित गणितमास्तरांनी आपल्याकडे घेतले आहे.